कागद पाहावा वाचून

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, अशी आपल्यात म्हण आहे. घर बांधायला काढले की माणसाची परीक्षा होते. पैसा पुरत नाही. गवंडी वेळेवर येत नाही. पावसाळा तोंडावर येतो. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, "नवे बांधण्यापेक्षा जुने घर विकत घेतलेले बरे." विचार काही वाईट नाही. पण जुने घर घेणाराचीही एक परीक्षा असते. ती कागदाची परीक्षा. म्हणून त्या म्हणीला आम्ही आणखी एक तुकडा जोडतो : कागद पाहावा वाचून.

घर विकणे आहे

सावनेर हे नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. या भागात कापूस होतो, संत्री होतात, आणि कोळशाच्या खाणीही आहेत. इथल्या खेड्यांतली पुष्कळ मुले कामधंद्यासाठी नागपूरला जातात. म्हातारी माणसे आज ना उद्या जातात. मागे उरते ते घर. दाराला कुलूप लागते, अंगणात गवत वाढते. मग एक दिवस गावात बातमी फिरते, "अमक्याचे घर विकणे आहे."

हे घर कसे असते, ते आपल्याला माहीतच आहे. मातीच्या नाहीतर विटांच्या जाड भिंती. सागाच्या मयाली. वर कवेलू. पुढे ओसरी, मागे अंगण. एखाद्या घराला स्वतःची विहीरसुद्धा असते. नागपूरकडच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर चढतो. तेव्हा पत्र्याच्या घरात बसवत नाही. मातीची जाड भिंत मात्र आत गारवा धरून ठेवते. म्हणून जुने घर म्हणजे टाकाऊ घर, असे समजू नका. पण घेण्याआधी नीट पाहा.

आधी घर पाहा

घर दोनदा पाहावे. एकदा उन्हात आणि एकदा पावसात. उन्हात भिंतीच्या भेगा दिसतात. पावसात छपराची गळती दिसते, आणि अंगणातले पाणी कुठे जाते तेही कळते.

आपली जमीन काळी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे पाया हलतो आणि भिंतीला भेग पडते. बारीक भेग असली तर घाबरू नये. पण भेगेत बोट जात असेल, भिंत बाहेर झुकली असेल, तर जाणत्या गवंड्याला दाखवावी.

मयालीवर लाकडाने ठोकून पाहा. ठणठणीत आवाज आला तर लाकूड चांगले. पोकळ आवाज आला तर आत उधई लागली असेल. मयालीचे टोक भिंतीत जिथे शिरते, तिथे जरूर पाहा. ओल तिथेच मुरते आणि लाकूड तिथूनच कुजते.

आणखी एक गोष्ट. घर घेतल्यावर लोक मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. भिंत पक्की होईल असे त्यांना वाटते. पण सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही. ओल आत कोंडते, भिंत आतून नरम होते आणि गिलावा पोपडे धरून पडतो. मातीच्या भिंतीला मातीचा नाहीतर चुन्याचाच गिलावा बरा.

हे सारे दोष पैसे खर्चून दुरुस्त होतात. कवेलू फेरता येतात. मयाल बदलता येते. कागदात राहिलेला दोष मात्र गवंडी दुरुस्त करू शकत नाही. म्हणून आता खरी गोष्ट पाहू.

घर कोणाचे आहे?

समजा, एका म्हाताऱ्या बुवांनी आपल्या कमाईने घर बांधले. बुवा वारले. मृत्युपत्र केलेले नाही. त्यांची आई आधीच वारली आहे. मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी लग्न होऊन सासरी गेली. आता दोघे भाऊ म्हणतात, "घर आमचे आहे. आम्ही विकतो."

घर सोळा आणे धरा. ते दोघे भाऊ सोळा आणे घराचे मालक आहेत काय? नाहीत. हिंदू वारसा कायदा 1956 सालचा आहे. तो बौद्ध, जैन आणि शीख लोकांनाही लागू आहे. त्या कायद्याने बायको, दोन मुलगे आणि मुलगी या चौघांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे प्रत्येकाला चार आणे. दोघे भाऊ मिळून आठ आण्यांचेच मालक झाले. तुम्ही पैसे सोळा आण्यांचे दिलेत आणि हाती आठ आणेच घर आले, तर उरलेल्या आठ आण्यांसाठी आई आणि बहीण उद्या कोर्टात उभ्या राहतील. कायदा त्यांच्या बाजूने असेल.

"लग्न झालेल्या मुलीचा काय हक्क?" असे अजून काही लोक म्हणतात. ते चुकीचे आहे. वडिलोपार्जित घरातही 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील त्या तारखेच्या आधी वारले असले तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असे सुप्रीम कोर्टाने 2020 साली सांगितले. मात्र वडिलोपार्जित घरात वाट्यांचा हिशेब निराळा होऊ शकतो. तो वकिलाकडून समजून घ्यावा. मुसलमान आणि ख्रिस्ती लोकांचे वारसा कायदे निराळे आहेत. पण त्या कायद्यांतही मुलीला वाटा आहेच.

मग करावे काय? विक्रीच्या कागदावर सगळ्या वारसांच्या सह्या घ्याव्या. बहिणीला वाटा नको असेल, तर तिने हक्कसोडपत्र करून ते रजिस्टर करावे. तिच्या राजीखुशीने करावे, दाबून नव्हे. एखादा वारस अठरा वर्षांच्या आतला असेल, तर त्याच्या नावचा वाटा विकायला आई-बापालाही कोर्टाची परवानगी लागते. हे विसरू नका.

ज्या बायाबापड्या हा धडा वाचत आहेत, त्यांना आमचे वेगळे सांगणे आहे. तुमच्या माहेरचे घर विकायला निघाले, आणि कोणी तुमच्यापुढे कागद ठेवला, तर आधी तो वाचा. हक्क सोडायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा.

कोणता कागद कशाचा?

आपल्याकडे पूर्वी मालगुजारी होती. गावाची आबादी मालगुजाराच्या हाताखाली असे. 1950 साली कायदा झाला आणि 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. घरे ज्यांची त्यांच्याकडे राहिली. पण आज्याने बांधले, बाप राहिला, नातू राहतो, असे चालत आले. पुष्कळ घरांना धड कागदच नव्हता. म्हणून कोणता कागद काय सांगतो, ते नीट समजून घ्या.

पहिला कागद नमुना आठ. हा ग्रामपंचायतीत मिळतो. घराचा कर कोणाच्या नावाने आहे, ते तो सांगतो. पण कर भरणारा मालक असतोच असे नाही. कराची पावती हा मालकीचा पक्का पुरावा नव्हे.

दुसरा कागद मिळकत पत्रिका. आपल्याकडे तिला आखीव पत्रिका म्हणतात. ही भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळते. केंद्र सरकारने 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोन नावाचे छोटे उडते यंत्र गावावरून फिरवून घरांची मोजणी करतात. ज्या गावात हे काम पुरे झाले, तिथे घराची पत्रिका मिळते. तिच्यावर नाव आणि क्षेत्रफळ असते. विकणाराचे नाव तिच्यावर आहे की नाही, ते पाहा.

तिसरा कागद मागचे विक्रीपत्र. विकणाराने घर कोणाकडून घेतले, ते त्यात असते. हे घर आधीच दुसऱ्याला विकलेले किंवा गहाण टाकलेले नाही ना, याचा शोध रजिस्ट्री ऑफिसात घेता येतो. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा.

घर गावठाणाच्या बाहेर शेतात असेल, तर गोष्ट निराळी. तिथे 7/12 पाहावा लागतो आणि शेतजमिनीचे कायदे लागतात. घर सरकारने दिलेल्या जागेवर असेल, तर विक्रीला परवानगी लागू शकते. गाव खाणीजवळ असेल, तर आणखी एक चौकशी करा. कोळशासाठी जमीन घेण्याचा 1957 सालचा निराळा कायदा आहे. आपली जागा त्यात जाणार नाही ना, हे तहसील कचेरीत विचारावे.

चतुःसीमा वाचा

विक्रीपत्रात चतुःसीमा लिहिलेली असते. चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते. ती अशी असते :

पूर्वेस गावरस्ता.
पश्चिमेस शेजाऱ्याचे घर.
दक्षिणेस सामाईक बोळ.
उत्तरेस सरकारी जागा.

कागद हातात घ्या आणि घराभोवती फिरा. सूर्य उगवतो ती पूर्व. कागदात पूर्वेला रस्ता लिहिला आहे, आणि तिथे शेजाऱ्याची भिंत उभी आहे, असे दिसले तर पैसे देऊ नका. आधी मोजणी करून घ्या. जायला-यायला वाट आहे की नाही, भिंत सामाईक आहे काय, विहिरीच्या पाण्यावर कोणाचा हक्क आहे, हेही कागदात लिहून घ्या. तोंडी कबूल केलेले पुढची पिढी मानीत नाही.

इसार, विक्रीपत्र आणि रजिस्ट्री

सौदा ठरला की इसार देतात. इसार दिला म्हणजे घर आपले झाले नाही. इसारपत्र हा पुढे विक्री करण्याचा करार आहे. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पावर लिहून पाच पंचांच्या सह्या घेतल्या, तरीही घर आपले होत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीचे घर रजिस्टर केलेल्या विक्रीपत्रानेच विकत घेता येते. हा कायदा 1882 सालचा आहे आणि आजही तोच चालतो.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत विक्रीपत्र रजिस्ट्री ऑफिसात हजर करावे लागते. विकणारा आणि घेणारा, दोघांनीही जावे. सोबत ओळखीचे कागद आणि दोन साक्षीदार लागतात. तिथे फोटो निघतो आणि अंगठा घेतला जातो. घर एकट्या बाईच्या नावाने घेतले, तर महाराष्ट्रात 2021 सालापासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तिच्या अटी तिथे विचारून घ्या.

पैसे बँकेतून द्या. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा जास्त रक्कम रोख घेण्याला आयकराच्या कायद्याने बंदी आहे. आणि बँकेतून दिलेल्या पैशाची नोंद राहते. कोणी "पोचलेच नाहीत" म्हणू शकत नाही.

आता शेवटची घडी. सगळे जमले आहेत. मध्यस्थ घाई करतो.

"भाऊ, कागद कायले वाचता? वकिलानं लिवला हाये. लावा अंगठा."

अशा वेळी लाजू नका. सरळ सांगा :

"काकाजी, मले वाचता येते. वाचूनच सही करीन."

मग सावकाश वाचा. विकणारांची सगळी नावे आहेत काय? घराचा नंबर बरोबर आहे काय? चतुःसीमा जुळते काय? रक्कम आकड्यात आणि अक्षरात एकच आहे काय? ताबा कधी मिळणार, ते लिहिले आहे काय? एखादा शब्द अडला तर विचारा. एक तास उशीर झाला तर कोणाचे काही बिघडत नाही. आयुष्यभराची कमाई मात्र एका ओळीत जाऊ शकते.

घर घेतल्यानंतर

रजिस्ट्री झाली म्हणून कागद पेटीत टाकून बसू नका. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना आठवर आपले नाव लावा. आखीव पत्रिका असेल तर तिच्यावर फेरफार करून घ्या. विजेचे बिल आपल्या नावाने करा. मागचा घरकर आणि वीजबिल थकलेले नाही ना, हे मात्र पैसे देण्याआधीच पाहायचे असते. कागदांच्या दोन नकला काढा. एक घरी ठेवा, एक विश्वासाच्या माणसाकडे.

एवढे झाले की मग कवेलू फेरा, ओसरी सारवा, दाराला तोरण बांधा. त्या घरात झोप शांत लागेल. घर आपले आहे आणि कोणाचा वाटा बुडवून घेतलेले नाही, हे आपल्याला ठाऊक असेल.

विचार करा आणि सांगा

1. नमुना आठवर नाव आहे, म्हणून तो माणूस मालक झाला काय?
2. वरच्या उदाहरणात बहिणीचा वाटा किती आणे?
3. इसारपत्र आणि विक्रीपत्र यांत फरक काय?
4. तुमच्या घराची चतुःसीमा पाटीवर लिहा. मग बाहेर जाऊन ताडून पाहा.