खरकसिंग खटला आणि खाजगीपणाचा हक्क

आपल्या घटनेच्या २१ व्या कलमात जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे संरक्षण आहे. 'खाजगीपणा' हा शब्द मात्र कोठेही नाही. घर व कागदपत्रे यांच्या अवाजवी झडतीविरुद्ध संरक्षण असावे, असे डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे सुचविले होते. अखेरीस ते घटनेत आले नाही. ही उणीव पुढे उत्तर प्रदेशातील खरकसिंग नावाच्या गृहस्थास भोवली.

१९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात त्याला पकडले आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाची 'हिस्ट्रीशीट' उघडली व पोलीस नियमावलीतील २३६ व्या नियमाखाली पाळत सुरू केली. चौकीदार आणि शिपाई रात्री येऊन दार ठोठावतात, ओरडून झोपेतून उठवितात, परगावी जायचे तर आधी वर्दी द्यावी लागते, अशी त्याची तक्रार होती. "ज्याने काही केलेच नाही, त्याने का भ्यावे?" असे विचारणाऱ्यांनी हा खटला अवश्य वाचावा.

१८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी तेवढ्या घटनाबाह्य ठरविल्या. बाकीची पाळत बहुमताने टिकली. का, तर खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नव्हे! न्या. सुब्बा राव व न्या. शहा यांच्या मते मात्र सारा नियमच रद्द व्हावयास हवा होता. ज्याच्या पावलोपावली नजर आहे, त्याचा संचार मुक्त कसा म्हणावा, हा सुब्बा रावांचा सवाल मला बिनतोड वाटतो.

तो मान्य व्हावयास २०१७ साल उजाडले. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या आधार कार्डाविरुद्धच्या याचिकेत नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला.

दरम्यान पाळतीची रीत बदलली होती. १९९६ साली न्यायालयाने टेलिफोन टॅपिंगला बंधने घातली : गृहसचिवांची आज्ञा, ठरावीक मुदत आणि पुनर्विलोकन समिती. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. पण आज्ञा देणारे सचिव आणि ती तपासणारेही सचिवच! न्यायाधीशाची पूर्वपरवानगी लागत नाही. खरकसिंगाला दारावरची थाप निदान ऐकू येई. ज्याचा फोन ऐकला जातो, त्याला नंतरही तसे कळविण्याची तरतूद नाही. मग तो याचिका तरी कशाच्या आधारावर करणार?