जेवणातून बाधा झाली, तर कुणाला सांगायचं?



या महिन्याचा पाठ बैठकीत मोठ्याने वाचा. ज्या गटांकडे शाळेचा पोषण आहार किंवा लग्नकार्याचा स्वयंपाक आहे, त्यांनी तर दोनदा वाचा.

घरात कुणाला उलटी-जुलाब झाले की आपण म्हणतो, ऊन लागलं, उपवास सोसला नाही. पलीकडच्या गल्लीतही कुणाला तेच होत असतं. दोघं वेगवेगळ्या दवाखान्यात सलाईन घेऊन घरी येतात, विषय संपतो. खरं तर एकच अन्न खाल्लेल्या दोघांना सारखा त्रास झाला, तरी कळवायला तेवढं पुरे आहे. पन्नास होईपर्यंत थांबायचं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि दोनशेहून जास्त लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना, म्हणून बाहेर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवल्या. ते लपणारं नव्हतंच. पण घरच्या उपवासाला दोघा-तिघांना भगर बाधते, ती कुठे नोंदली जाते? ओल लागलेल्या भगरीवर बुरशी येते. कुणी बोललंच नाही, तर त्याच पोत्यातली भगर पुढच्या एकादशीलाही विकली जाते.

आधी आशाताईला सांगा. तिच्याकडून खबर उपकेंद्राच्या सिस्टरकडे, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा अशी वर जाते. रोगांवर नजर ठेवायचा हा सरकारी कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. खाजगी डॉक्टरकडे गेलात, तर "आरोग्य केंद्राला कळवाल का?" असं विचारा. भीड कसली त्यात? डॉक्टरांना अशी खबर देणं बंधनकारक करण्याची तरतूद २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात, कलम ३५ मध्ये आहे. शौचाचा नमुना द्यायचा असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्या.

सांगताना आपण फक्त शेवटचं जेवण सांगतो. काही बाधा अर्ध्या तासात दिसते, काहींना दोन-तीन दिवस लागतात. म्हणून तीन दिवसांचं खाणं आठवा, त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगा. आणि ज्यांनी जेवण केलं पण ठणठणीत आहेत, त्यांचंही सांगा. आजारी पडलेल्या सगळ्यांनी बासुंदी खाल्ली आणि न खाणारे बरे राहिले, तर शोध बासुंदीकडे जातो. भातावर उगाच आळ येत नाही.

आता अवघड भाग. स्वयंपाक आपल्याच गटाचा असला की पोटात गोळा येतो. काम जाईल, गावात नाव जाईल. मग पातेली घाईघाईने घासली जातात, उरलेलं गुरांपुढे जातं. मला वाटतं, यात सगळ्यात जास्त नुकसान स्वयंपाक करणाऱ्या बाईचंच होतं. बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेच्या जेवणातून २३ मुलं दगावली. तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं, आपल्याकडे कपाशीवर फवारायचे तेच. तेल आणि उरलेलं अन्न तपासायला मिळालं, म्हणून हे कळलं. पातेली घासून ठेवली असती तर बोट फक्त स्वयंपाकिणीकडे गेलं असतं.

म्हणून मोठ्या स्वयंपाकात प्रत्येक पदार्थाची एक वाटी स्वच्छ, झाकणाच्या डब्यात घालून, तारीख-वेळ लिहून, फ्रिज असेल तर त्यात एक दिवस ठेवा. तेल-पिठाची पिशवी आणि दुकानाची पावती टाकू नका. त्रास झालाच, तर हे सगळं अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या हाती द्या. ते अन्न तोवर कुणी चाखून बघायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही.

लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस मलूल पडलं, शौचातून रक्त गेलं, तर थेट १०८ ला फोन करा. खबर नंतर देता येते. अन्नाच्या तक्रारीसाठी एफएसएसएआयचा टोल-फ्री नंबर १८००११२१०० आहे. पुढच्या बैठकीत हे दोन्ही नंबर, आशाताईचा आणि आरोग्य केंद्राचा नंबर इतिवृत्त वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. सीआरपी ताई वही बघायला येतील, तेव्हा ते पान दाखवा.