जिप्सीला मोठं इंजिन : वाळूचा आणि घाटाचा हिशोब

मारुती जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आली ती ९७० सीसीचे इंजिन घेऊन. ताकद साधारण ४५ बीएचपी. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, तिला १२९८ सीसीचे, ६० बीएचपीचे इंजिन मिळाले. पुढे १६ व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय आल्यावर हा आकडा ८० पर्यंत गेला. २०१९ मध्ये उत्पादन थांबले, पण आमच्या मालवण-तारकर्ली-देवबाग पट्ट्यात जुन्या जिप्सी अजून पळतात. आणि ज्याच्या दारात ९७० सीसीवाली उभी आहे, त्याच्या डोक्यात कधी ना कधी तो किडा वळवळतोच : हिच्यात मोठं इंजिन बसवूया का?

माझ्या एका मित्राच्या काकांचा हाच बेत आहे. तारकर्लीला त्यांचे छोटे होमस्टे आहे. पाहुणे आणायला, सामान वाहायला हीच गाडी. "तू मेकॅनिकलचो मा? मग सांग," म्हणून त्यांनी प्रश्न माझ्यावर ढकलला. तक्रारी दोन : घाटात दमते आणि वाळूत रुतते. तेव्हा आधी वही-पेन्सिल.

माणसे-सामानासकट गाडी १३०० किलो धरू. घाटाचा चढ १५ मीटरला १ मीटर. म्हणजे गाडी वर ओढायला १३०० भागिले १५, साधारण ८७ किलो जोर लागतो. डांबरी रस्त्यावर चाके फिरवायचा विरोध वजनाच्या दीड टक्का, म्हणजे २० किलो. एकूण १०७. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, १०७ गुणिले ११.१ भागिले ७५ केले की उत्तर येते सुमारे १६ अश्वशक्ती. मग ४५ बीएचपीची गाडी ४० च्या वेगाला दमते कशी? गिअरमध्ये आणि हवेच्या विरोधात थोडी ताकद जाते हे खरे, पण एवढी नाही. सरळ अर्थ असा की त्या इंजिनात आता ४५ उरलेले नाहीत. रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह बसत नसतील, कार्ब्युरेटर बिघडला असेल. कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडर तपासायला अर्धा तास पुरतो.

आता वाळू. भुसभुशीत वाळूत चाकाचा विरोध वजनाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ३२५ किलो, घाटाच्या तिप्पट! पण वेग किती? ताशी १०. गणित केले तर फक्त १२ अश्वशक्ती. घाटापेक्षा कमी. इथेच बहुतेकांची गल्लत होते. वाळूला ताकद नको असते, जोर हवा असतो, आणि जोर वाढवणे हे गिअरचे काम. जिप्सीच्या लो गिअरमध्ये पहिला टाकला की गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि डिफरेन्शियल मिळून एकूण गुणक तिशीच्या पुढे जातो. इंजिनाचा टॉर्क ७ किलोग्रॅम-मीटर, गुणक ३०, वाटेतली घट १५ टक्के आणि चाकाची त्रिज्या एक तृतीयांश मीटर धरली तर चाकांवर ५३५ किलो जोर येतो. वाळूची पकड मात्र वजनाच्या ४० टक्के धरली तरी ५२० किलोच. म्हणजे लहान इंजिनच आज वाळूच्या पकडीपेक्षा जास्त जोर देते! त्यापुढे मोठे इंजिन लावले तर चाक जास्त जोरात खड्डा खणेल, एवढाच फरक. त्यापेक्षा टायरमधली हवा २६ वरून १५ पौंडांवर आणा. टायर पसरतो, रुतणे कमी होते. खर्च शून्य. (डांबरी रस्त्यावर परतल्यावर हवा भरायला विसरू नका. आणि किनाऱ्यावर उगाच गाडी घालूच नये. आपल्या जिल्ह्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात.)

तरीही इंजिन बदलायचेच ठरले, तर जिप्सी किंगचेच घ्यावे, आणि गिअरबॉक्ससकट. जिप्सीची एक सोय फार कमी लोकांच्या लक्षात येते : तिचा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो मागे वेगळा बसतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. त्यामुळे पुढचा जोड बदलला तरी मागचे सगळे तसेच ठेवून त्या शाफ्टची लांबी जमवता येते. एस्टीमचे इंजिन स्वस्तात मिळते म्हणून काही जण तिकडे वळतात. घराणे एकच, पण ते गाडीत आडवे बसणारे इंजिन. माउंटिंग वेगळे, मॅनिफोल्ड वेगळे, आणि ऑइल चेंबरचा आकारही वेगळा. जिप्सीचा पुढचा सलग अॅक्सल पाट्यांवर वर-खाली होतो. खड्ड्यात तो वर आला आणि चेंबरला लागला की तेल रस्त्यावर.

एमपीएफआय घेतले तर ईसीयू, सगळे वायरिंग आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप आला. कार्ब्युरेटरच्या पंपाच्या जवळपास दहापट दाब लागतो, त्यामुळे जुने रबरी पाइप चालणार नाहीत. रेडिएटर आणि क्लचही किंगचाच. आमचे मेस्त्री म्हणतात ते उगाच नाही : "इंजिन बसवूक दोन दिस, बाकीचा जुळवूक दोन म्हयने."

ब्रेकचा विचार कुणी करत नाही. वेग ६० वरून ८० केला तर थांबवायची ऊर्जा ३३ टक्के नाही, ७८ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. आंबोली उतरताना हे वर्गाचे गणित परीक्षेपेक्षा जास्त महाग पडते.

कागदपत्रांचेही तसेच. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. म्हणून ९७० च्या जागी १२९८ बसवण्याआधी आरटीओत लेखी विचारावे, कामाला हात नंतर घालावा. आरसी बुकात एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. गाडीत पाहुणे बसतात, हे काकांना मी दोनदा सांगितले.

हे सगळे जमले तरी एक तपासणी सगळ्यांच्या आधी : चॅसिस. खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडे खिडकीचे गज उरत नाहीत, तिथे चॅसिसची काय कथा! इंजिन माउंटिंगपाशी आणि पाट्यांच्या शॅकलपाशी हातोडीने ठोकून पाहावे. टणक आवाज आला तर ठीक. काकांच्या गाडीला डाव्या माउंटिंगखाली ठोकल्यावर गंजाचे पापुद्रे पडले. सध्या इंजिनासाठी बाजूला ठेवलेले पैसे तिथल्या वेल्डिंगला गेलेत, आणि कॉम्प्रेशन गेज कुडाळहून यायचा आहे.