बुडालेल्या बोटीचे नाव

विहिरीत घागर पडली तर आपण काय करतो? गळ टाकतो. गळ तळाशी चाचपडतो, कुठेतरी अडकतो, आणि घागर वर येते. पण गळाला डोळे नसतात. आज ज्या यंत्राची हकिकत सांगणार आहे, तो डोळे असलेला गळच समजा.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सरहद्दीवर सुपीरिअर नावाचे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. सरोवर म्हटले तरी आपल्या गावतळ्यासारखे नव्हे, बरे का! महाराष्ट्राचा पाव हिस्सा त्यात सहज बुडेल. त्यात मोठमोठ्या बोटी चालतात, आणि वादळ समुद्रासारखेच होते.

९ नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ ही बोट लोहखनिजाच्या गोळ्या भरून निघाली. लांबी ७२९ फूट. माणसे २९. दुसऱ्या दिवशी वादळाने गाठले. मागून दुसरी एक बोट येत होती. संध्याकाळी सातच्या सुमारास तिने बिनतारी यंत्रावर विचारले, ‘कसे काय चालले आहे?’ कप्तान म्हणाला, ‘तग धरून आहोत.’ त्यानंतर थोड्याच वेळात बोट नाहीशी झाली. आसऱ्याची खाडी सतरा मैलांवर राहिली होती. एकही माणूस वाचला नाही. एकही प्रेत हाती लागले नाही.

घरच्या मंडळींनी काय समजायचे? कुणाच्या नावाने रडायचे, आणि कुठे?

चार दिवसांनी विमानातल्या चुंबकी यंत्राने तळाशी लोखंड असल्याचे दाखवले. पण तीच बोट कशावरून? पाणी ५३० फूट खोल. माणसावर माणूस उभा केला तर नव्वदेक माणसे लागतील! वर थंडी आणि अंधार.

मे १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाने ‘कर्व्ह-३’ नावाचे यंत्र खाली सोडले. त्याला दिवे होते, कॅमेरे होते. वरच्या जहाजापासून त्याच्यापर्यंत लांब तार. माणूस वर बसून पडद्यावर बघतो आणि यंत्राला हुकूम देतो; यंत्र पंखे फिरवत पुढे जाते. बुडण्याची भीती नाही, श्वासाचा प्रश्न नाही. (आता तारेशिवाय चालणारी यंत्रेही निघाली आहेत.)

यंत्राला काय दिसले? बोटीचे दोन तुकडे. पुढचा सरळ, चिखलात रुतलेला. मागचा पालथा. त्या पालथ्या भागावर उजेड पडला आणि अक्षरे दिसली. उलटी होती, पण वाचता आली: एडमंड फिट्झगेराल्ड.

बोट कशाने बुडाली ते मात्र यंत्राला सांगता आले नाही. झाकणांवाटे पाणी शिरले असावे, असे १९७७ च्या सरकारी चौकशीत म्हटले. पुष्कळ जाणत्या लोकांना ते पटले नाही. बोटीचा तळ खडकाला घासला, असे त्यांचे म्हणणे. वाद अजून मिटलेला नाही.

घरच्या मंडळींच्या इच्छेवरून ४ जुलै १९९५ रोजी बोटीची घंटा वर काढली. तिच्या जागी २९ नावे कोरलेली नवी घंटा ठेवली. जुनी घंटा व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात आहे. दर १० नोव्हेंबरला तिथे २९ टोल देतात. तिसावा टोल त्या सरोवरांत बुडालेल्या इतर सगळ्या खलाशांसाठी.