पाण्यातली म्हैस, बाहेर मोल : अपुरे व्हिडिओ गेम विकत घ्यावेत का?



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात ज्याच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे, त्याला अपुऱ्या वस्तूचा सौदा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, तोडा ऑक्टोबरपासून पुढे लागतो. पण व्यापारी त्याच्या कितीतरी आधी, फळ हिरवे असतानाच बगीच्यात येतो. ओळीओळीने फिरतो, झाडे मोजतो, फांद्या खाली-वर करून बघतो, मनाशी काही हिशेब मांडतो आणि सगळा बगीचा उक्ता मागतो. सौदा जमला की बयाणा हातावर ठेवतो, बाकीची रक्कम तोड्याच्या वेळी. मधल्या काळात फळगळ झाली, गारपीट झाली, नागपूरच्या बाजारात भाव पडला, तर नुकसान कोणाचे यावर मग दोघांची ओढाताण होते. ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण वेगळे आहे. अकरावी वाणिज्यच्या वर्गात किंमत आणि जोखीम हा विषय चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, संगणकावरचा एक गेम अजून पूर्ण झालेला नाही, तरी विकायला आहे. पूर्ण झाला की किंमत वाढेल असे त्यांनी लिहिले आहे. आत्ता घेतला तर फायदा की तोटा?" त्याच्याजवळचे पैसे थोडे शिष्यवृत्तीतले होते आणि थोडे दिवाळीच्या सुटीत संत्रा तोडाईला जाऊन मिळवलेले. म्हणजे प्रश्न गमतीचा नव्हता. घामाच्या पैशाचा होता. वर्गात लगेच दोन तट पडले आणि तास संपला. त्या प्रश्नाचा विचार आम्ही येथे सविस्तर करीत आहोत.

प्रथम पालकांसाठी थोडे स्पष्टीकरण. पैसे लावून खेळण्याचे जे ऑनलाइन खेळ होते, त्यांचा येथे संबंध नाही. त्यांच्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आलेली आहे. येथे विषय साध्या व्हिडिओ गेमचा आहे, जो पुस्तकासारखा एकदा विकत घेऊन घरी खेळायचा असतो. पूर्वी असा गेम पूर्ण तयार झाल्यावरच दुकानात येत असे. आता तो बनत असतानाच विकला जातो. घेणाऱ्याने आज पैसे द्यायचे, जेवढा झाला आहे तेवढा खेळायचा, आणि पुढे जसजसा भाग तयार होईल तसतसा तो वेगळे पैसे न देता घ्यायचा. या पद्धतीला 'अर्ली ॲक्सेस' म्हणतात. स्टीम नावाच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाने मार्च २०१३ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र दालन उघडले, आणि तेव्हापासून ती सर्वत्र पसरली.

या पद्धतीची कीर्ती झाली ती माइनक्राफ्टमुळे. स्वीडनमधील मार्कस पर्सन यांनी २००९ साली हा ठोकळ्यांचा खेळ अगदी कच्च्या अवस्थेत विकायला सुरुवात केली. कच्च्या आवृत्तीची किंमत ९.९५ युरो, त्यानंतरच्या चाचणी आवृत्तीची १४.९५ युरो, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये खेळ पूर्ण झाल्यावर १९.९५ युरो. ज्यांनी आधी घेतला त्यांना निम्म्या किमतीत तोच खेळ मिळाला. पुढे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच अडीच अब्ज डॉलरला घेतली. ही कथा इतकी गोड आहे की प्रत्येक अपुऱ्या गेममध्ये लोकांना दुसरा माइनक्राफ्ट दिसू लागला. एका शेतकऱ्याला एका वर्षी भाव लागला की दुसऱ्या वर्षी गावभर तेच पीक उभे राहते, तसेच हे झाले.

पण जरा दुसरी बाजू पाहू. कर्बल स्पेस प्रोग्राम नावाचा, रॉकेट बनवून अंतराळात सोडण्याचा एक गेम आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो आवडावा असा आहे, कारण त्यात कक्षा, वेग, इंधन यांचे गणित चुकले की यान पडते. हा गेम आधी अपुऱ्या अवस्थेत विकला गेला आणि एप्रिल २०१५ मध्ये व्यवस्थित पूर्ण झाला. घेणारे समाधानी राहिले. म्हणून त्याचा दुसरा भाग फेब्रुवारी २०२३ मध्ये अपुऱ्या अवस्थेत आला, तेव्हा लोकांनी पहिल्या भागाच्या भरवशावर पैसे दिले. किंमतही कमी नव्हती, ४९.९९ डॉलर. दुसऱ्या ग्रहांवर वसाहती, दूरच्या ताऱ्यांपर्यंत प्रवास, अनेकांनी मिळून खेळणे, अशी आश्वासनांची यादी होती. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, बनवणाऱ्या लोकांना कामावरून कमी करण्यात आले आणि काम थांबले. यादीतल्या त्या मोठ्या गोष्टी आल्याच नाहीत. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी की दुसरा भाग पहिल्या भागाच्या कंपनीने बनवलेला नव्हता. बगीच्याचे नाव तेच, माळी दुसरा. आमच्याकडचा व्यापारी निदान एवढे तरी विचारून घेतो.

याहून थोड्या दिवसांचा प्रकार 'द डे बिफोर' या गेमचा. तो ७ डिसेंबर २०२३ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये विकायला आला आणि ११ डिसेंबरला बनवणाऱ्या कंपनीने आपला कारभार बंद करीत असल्याचे जाहीर केले. चार दिवस! घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

आता बगीच्याचा सौदा आणि हा सौदा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. व्यापारी फक्त बयाणा देतो, गेम घेणारा पहिल्याच दिवशी पूर्ण रक्कम देतो. व्यापाऱ्याला फळ कधी उतरेल हे ठाऊक असते, कारण ऋतू कोणासाठी थांबत नाही. गेमला ऋतू नाही. डेझी नावाचा एक गेम डिसेंबर २०१३ मध्ये अपुरा आला आणि पूर्ण झाला तो डिसेंबर २०१८ मध्ये, पाच वर्षांनी. त्याच महिन्यात आलेला 'सेव्हन डेज टू डाय' पूर्ण व्हायला जुलै २०२४ उजाडला. सहावीत घेतलेला गेम पदवी हातात आल्यावर पूर्ण होणार! व्यापारी माल पुढे विकून नफा कमावतो, तुम्हाला असा घेतलेला गेम पुढे कोणाला विकता येत नाही. म्हणजे जोखीम व्यापाऱ्याची आणि नफा मात्र कशातच नाही. मराठीत 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' अशी म्हण आहे. म्हैस पाण्यात बसलेली, तिचे खूर दिसत नाहीत, कास दिसत नाही, आणि काठावर भाव ठरतो आहे.

एक फरक मात्र गेमच्या बाजूचा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. हिरवे संत्रे आज खाता येत नाही, अपुरा गेम आज खेळता येतो. म्हणून प्रश्न 'पुढे काय होईल' असा विचारूच नये. 'आज जेवढा आहे, तेवढ्याचे हे पैसे योग्य आहेत का' असा विचारावा. नवल म्हणजे स्टीमचे दुकान स्वतःच अशा प्रत्येक गेमच्या पानावर सांगते की आज आहे त्या स्थितीत खेळावासा वाटत नसेल तर थांबा. दुकानदार स्वतः थांबा म्हणतो आणि गिऱ्हाईक थांबत नाही, असे दुसरीकडे क्वचितच घडत असेल.

वाणिज्यच्या विद्यार्थ्यांसाठी थोडा हिशेब करू. मानून चाला की गेम आज ५०० रुपयांना आहे आणि पूर्ण झाल्यावर ८०० होणार. ३०० ची बचत डोळ्यांना दिसते. आता एकच नाही, असे दहा गेम घेतले असे धरा. खर्च ५००० रुपये. त्यातले सहा पूर्ण झाले आणि चार अर्धवट राहिले, असे समजा. दुसरा विद्यार्थी थांबला आणि जे सहा पूर्ण झाले तेवढेच त्याने ८०० प्रमाणे घेतले. त्याचा खर्च ४८०० रुपये, आणि त्याच्याकडे एकही अर्धवट गेम नाही. सात पूर्ण झाले तर थांबणाऱ्याचे ५६०० लागतील, म्हणजे आधी घेणारा पुढे जाईल. परंतु पूर्ण झालेले गेम वर्षातून अनेकदा सवलतीत मिळतात. निम्म्या किमतीची सवलत लागली तर ते सहा गेम २४०० रुपयांत येतात. थांबणाऱ्याला घाई नसते, आणि बाजारात घाई नसणे हे एक प्रकारचे भांडवलच आहे. शिवाय पूर्ण झाल्यावर किंमत वाढेलच असेही नाही. बाल्डर्स गेट ३ हा बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा गेम ऑक्टोबर २०२० मध्ये अपुरा आला तेव्हाच पूर्ण किमतीला, ५९.९९ डॉलरला होता, आणि त्यात कथेचा फक्त पहिला अंक होता. तो ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम ठरला. उत्तम माल, पण आधी घेणाऱ्याला भावात काही सुटले नाही.

आपल्या गावात आणखी एक खर्च असतो, तो कोणी धरत नाही. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटावर घर चालते. अपुऱ्या गेमच्या सुधारणा वारंवार येतात आणि प्रत्येक वेळी पुन्हा डाउनलोड. कधी मोठ्या बदलानंतर आपण खेळून साठवलेली प्रगती पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दहावी-बारावीच्या मुलाने हा वेळ कोठून आणायचा, हे आम्हाला तरी समजत नाही.

मग असे गेम कोणीच घेऊ नयेत काय? तसे म्हणणे बनवणाऱ्यांवर अन्याय होईल. छोट्या गटाजवळ दोन-तीन वर्षे पगार देण्याइतके पैसे नसतात. शेतकरी बयाण्यातून फवारणी आणि मजुरी भागवतो, तसे हे लोक आधीच्या विक्रीतून काम पुढे नेतात, आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारींतून खेळ सुधारतो. ग्रीक पुराणकथेवरचा हेडीस डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० या काळात याच रीतीने घडला आणि फार नावाजला गेला.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण पुण्याचे आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी' हा गेम बनवायला घेतला. राजी ही मुलगी दैत्यांनी पळवलेल्या आपल्या लहान भावाला, गोलूला, सोडवायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी आहेत. २०१७ मध्ये या मंडळींनी किकस्टार्टरवर लोकांकडे आगाऊ पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही. तेथील नियम असा की पूर्ण रक्कम जमली तरच पैसे कापले जातात, नाहीतर कोणाचा रुपयाही जात नाही. म्हणून देणाऱ्यांचे काही बुडाले नाही. पुण्याच्या मंडळींनी हात टेकले नाहीत. एपिक कंपनीचे अनुदान मिळाले, प्रकाशक मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये राजी आधी निन्टेन्डो स्विचवर व ऑक्टोबरमध्ये संगणकावर आला. त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याचे नामांकन झाले. पुरस्कार मात्र फॅस्मोफोबिया या गेमला मिळाला, आणि तो त्या वेळी अपुराच, अर्ली ॲक्सेसमध्ये विकला जात होता! पूर्ण करून आणलेला खेळ मागे राहिला आणि अपुरा पुढे गेला. राजीच्या नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आहे, आमच्यासारख्या हिंदी माध्यमात शिकलेल्यांना त्याचे कौतुक वाटले.

पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने 'इंडस'साठी तिसराच मार्ग धरला. आधी नावे नोंदवून घेतली, ती एक कोटीच्या वर गेली. निवडक लोकांना चाचणीसाठी फुकट खेळू दिले, आणि १६ ऑक्टोबर २०२४ रोजी गेम सर्वांसाठी खुला केला. चाचणी करणाऱ्याचा वेळ गेला, पैसा नाही. मोठ्या कंपन्या हेच काम पगारी माणसांकडून करवून घेतात. अपुरा गेम विकत घेणारा मात्र पदरचे पैसे देऊन तीच चाकरी करतो, असेही म्हणता येईल. ज्या विद्यार्थ्याला पुढे गेम बनवण्याचेच शिक्षण घ्यायचे आहे, त्याच्यासाठी ही चाकरी फुकट जात नाही. खेळातील चूक शोधून ती नेमक्या शब्दांत लिहून कळवणे हा चांगला अभ्यास आहे. बाकीच्यांनी, विशेषतः दहावीपर्यंतच्या मुलांनी, पूर्ण गेमचीच वाट पाहावी असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसे बहुधा वडिलांच्या फोनवरच्या यूपीआयमधून जातात, तेव्हा आधी त्यांना विचारावे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही हे १८७२ च्या करार कायद्यात आहेच.

तरीही घ्यायचाच असेल तर विक्रीचे पान नीट वाचा. बनवणाऱ्यांनी तेथे गेम किती काळ अपुरा राहील हे लिहिलेले असते. ते कधी लिहिले आणि आज कोणती तारीख आहे, हे ताडून पाहा. शेवटची सुधारणा कधी आली ते पाहा. २०२५ पासून स्टीमच, वर्षभराहून अधिक काळ सुधारणा आली नसेल तर पानावर तशी सूचना लावते. आणि विकत घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत, खेळण्याचे दोन तास पूर्ण होण्याआधी, पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या दोन तासांत गेम उघडा ठेवून जेवायला जाऊ नका. घड्याळ चालूच असते.

अकरावी वाणिज्यच्या विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ : अर्ली ॲक्सेसमधील कोणताही एक गेम निवडा. त्याची विक्री कधी सुरू झाली, शेवटची सुधारणा कधी आली, किंमत किती आणि काय-काय अजून व्हायचे बाकी आहे, हे एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला घरच्या किंवा शेजारच्या एका बगीच्याचा सौदा लिहा : कोणत्या महिन्यात झाला, बयाणा किती, शेवटी हातात किती आले. नावे लिहू नयेत. वही येत्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावी.