विवरणपत्र कोणाकडून भरून घ्यावे?

नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव आहे. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. समजा, तुमचे चाचा त्या खाणीत नोकरीला आहेत. त्यांच्या पगारातून प्राप्तिकर कापला जातो. ‘कर तर कापला, आता काय राहिले?’ असे ते म्हणतात. राहते ते विवरणपत्र, म्हणजे वर्षभराच्या कमाईचा व कराचा हिशेब.

हिशेब, जमा, रक्कम, तारीख, वसूल हे शब्द तुम्हांला घरचेच वाटतील. ‘दाखला’ हा शब्द मात्र जपून वापरा. उर्दूत तो शाळेतील प्रवेश आहे, मराठीत प्रमाणपत्र!

पगारदारांसाठी विवरणपत्राची शेवटची तारीख साधारणपणे ३१ जुलै असते. २०२५ मध्ये ती वाढवून सप्टेंबरपर्यंत नेली होती. पण दरवर्षी असे होईल, या भरवशावर राहू नये. उशीर झाला तर, उत्पन्न पाच लाखांहून अधिक असल्यास, ५,००० रुपये भरावे लागतात. म्हणून कंपनीकडून मिळणारा पगाराचा व कापलेल्या कराचा दाखला, बँकेचे पासबुक, पॅन आणि आधार आधीच एकत्र ठेवावे. जुन्या पद्धतीने कर भरायचा असेल, तर विम्याच्या पावत्याही लागतात. स्वतःच्या मुलांच्या शाळेच्या फीची पावतीही तेव्हा उपयोगी पडते.

विवरणपत्र स्वतः भरता येते. ते जमत नसेल, तर चार्टर्ड अकाउंटंट किंवा जाणकार कर सल्लागार गाठावा. त्याची फी आधी विचारावी. ‘फी नको, परत मिळालेल्या पैशांतून हिस्सा द्या,’ असे कोणी म्हटले, तर तेथून उठावे. असे लोक न दिलेली देणगी आणि न भरलेला विमा दाखवून कर कमी करतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी अशा व्यवहारांची तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

काही दलाल विवरणपत्रात स्वतःच तयार केलेला ई-मेल पत्ता लिहीत आणि काम झाले की तो सोडून देत. विभागाची नोटीस त्या पत्त्यावर जाई आणि करदात्याला तिचा पत्ताही लागत नसे! चूक दलालाची असली, तरी जबाब करदात्यालाच द्यावा लागतो.

तेव्हा चाचांजवळ बसा. विवरणपत्रात ई-मेल, मोबाइल आणि बँक खाते त्यांचेच आहे ना, ते पाहा. प्रत्येक वजावटीपुढे तिची पावती ठेवून आकडा जुळवा. मग पडताळणीसाठी मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांनी द्यावा. ही पडताळणी ३० दिवसांच्या आत करायची असते.