दारू सोडायची तर माणसांत बसा

आमच्या कोरीट गावात कुणाची दारू सुटली की लोक आधी विचारतात, "माळ घातली का?" माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझी सुटली ती अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या सभेत. आता गावातला कुणी पिणारा भाऊ रात्री दारात येऊन "मला सोडायचीय" म्हणाला की त्याला जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

१. आधी डॉक्टर, मग सभा. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की पहिले काही दिवस फार वाईट जातात. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते, नसलेली माणसं दिसू लागतात. घरचे घाबरतात, बाहेरचं काही लागलं म्हणून भगताकडे नेतात. हा शरीराचा आजार आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी माणूस दवाखान्यातच हवा. तिथे औषध मिळतं, बी-वन जीवनसत्त्व देतात, लक्ष ठेवतात.

२. सभा कुठे भरते हे विचारायला लाजू नका. व्यसनमुक्तीसाठी सरकारची 14446 ही हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं तर टेलि-मानसचा 14416. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे उपचार घेऊन आलेला माणूस तुमच्या ओळखीत निघाला तर त्याला गाठा. सभेची वाट बहुतेक वेळा अशाच माणसाकडून कळते.

३. गाव लहान असेल तर सभा दुसऱ्या गावची निवडा. ए.ए.मध्ये आडनाव विचारत नाहीत, फी नाही, हजेरीपट नाही. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. शहरात निनावी राहता येतं, पण कोरीटसारख्या गावात कुणाची मोटारसायकल कुठे उभी आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून सुरुवातीला एस.टी.ने लांब गेलेलं बरं. पुढे लाज आपोआप गळते आणि मग गावातलेच लोक हळूच येऊन विचारतात.

४. पहिल्या दिवशी बोललं नाही तरी चालतं. एक जण उभा राहतो, नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो आणि स्वतःची कहाणी सांगतो. मधे कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. "बस भो, चहा ले," एवढंच स्वागत. घरात, सोसायटीत, सोयऱ्यांत ज्याचं कुणी ऐकून घेत नाही, त्याचं तिथे पूर्ण ऐकलं जातं. माझ्या मते औषध हेच. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन एकमेकांशी असंच बोलले, तिथून ए.ए. उभी राहिली. पिणाऱ्याचं पिणाऱ्यालाच पटतं, हे त्यांनी ओळखलं.

५. ही परक्यांची पद्धत आहे असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्याच भागाचा इतिहास सांगा. 1922च्या सुमारास दक्षिण गुजरातेत आणि लगतच्या आदिवासी पट्ट्यात देवीच्या नावाने माणसं मांडवात जमली. दारू-ताडी सोडायची, रोज आंघोळ करायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. पुढे तळोद्याकडच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडायला सांगितली. त्यांचे अनुयायी एकमेकांना 'आप' म्हणत. सत्तरच्या दशकात शहाद्याच्या बायकांनी जमावाने जाऊन दारूची मडकी फोडली. आपल्याकडे दारू एकट्याने कमी सुटली, जमून जास्त सुटली. देवीच्या नावाची लाट पुढे पुष्कळ ठिकाणी ओसरली, हेही खरं. म्हणून सभा दर आठवड्याला हवी.

६. होळी, भोंगऱ्याचा बाजार, लग्न आणि ऊसतोडीचा हिशेब हातात पडतो तो दिवस, हे चार प्रसंग आधीच ओळखून ठेवा. पूजेत मोहाच्या दारूची धार टाकावी लागत असेल तर ती घरच्या दुसऱ्या वडीलधाऱ्याने टाकावी, हे आधीच ठरवा. आमच्याकडे कुणी त्याला हरकत घेतली नाही. सभेतल्या एकाचा नंबर खिशात हवा आणि फोन पहिल्या घोटाच्या आधी लावायचा.

७. घरच्या बाईलाही बसायला जागा हवी. तिने वर्षानुवर्षं बाटल्या लपवल्या, उधारी फेडली, लेकरांना शेजारी झोपवलं. नवरा सुधारला म्हणजे तिची भीती लगेच जात नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, मुक्तांगणचा 'सहचरी' गट आहे. वहिनींना तिथे जाऊ द्या, आणि त्या काय बोलल्या हे विचारू नका.

८. पुन्हा प्यायलात तर पुढच्या सभेला या. दार बंद होत नाही.

९. जवळ सभाच नसेल तर दोघं जण पुरतात. दारू सोडू पाहणारे दोघे, ठरलेला वार, शाळेचा ओटा किंवा मारुतीचा पार. ए.ए.च्या मुंबईच्या कार्यालयाला कळवलं की मराठी पुस्तिका मिळतात. वार मात्र चुकवायचा नाही. पावसात समोरचा आला नाही तरी तुम्ही जाऊन बसा, कारण त्याच संध्याकाळी तिसरा कुणी विचारत येऊ शकतो.